नवी घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार सोलापुरात गरम होते : आधी काय तपासायचं आणि कुठे हात आवरायचा

पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून आणलेली पंधरा-वीस वर्षांची वेगवान गाडी सोलापुरातला पहिला उन्हाळा बघते आणि मार्च सरता सरता नवा मालक एकच तक्रार घेऊन येतो : गाडी गरम होते. तिकडे तर बरी चालत होती, मग विकणाऱ्यानं फसवलं का, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. तिकडच्या हवेत जे कूलिंग कसंबसं निभावून नेत होतं, ते आपल्या ४२-४४ अंशांत उघडं पडतं.

हा एकच बिघाड मी वर्षानुवर्षं काढत आलोय. जास्त करून स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (२००० च्या दशकातली, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवरची), अधूनमधून पोर्शची बॉक्स्टर ९८६ किंवा ९८७, आणि बीएमडब्ल्यूची झेड-फोर ई-८९. तिन्हींची बांधणी वेगळी, तरी तपासण्याचा क्रम तोच राहतो. पहिल्याच दिवशी ‘हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल’ म्हणणारा माणूस लगेच भेटतो. ‘आधी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण बदलून बघ’ म्हणणारा क्वचितच भेटतो, म्हणून हे लिहितोय.

लक्षणं

गाडी केव्हा तापते, हे आधी नीट बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो आणि विजापूर रोडला लागून वेग धरला की उतरतो : हवा कमी पडतेय. पंखा किंवा रेडिएटरचा पुढचा भाग बघा. अशा वेळी बहुधा एसीही उभ्या गाडीत गरम हवा फेकायला लागतो, कारण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघेही त्याच हवेवर जगतात.

गावात ठीक, पण मोहोळच्या पुढे शंभरच्या वेगानं अर्धा तास चालवली की तापते : हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. कूलंट कमी, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) खराब किंवा रेडिएटर आतून बसलेला, म्हणजे नळ्या बुजलेला.

गाडी बंद केल्यावर टाकीतून पाणी उकळल्याचा आवाज, किंवा झाकणाखालून पाणी बाहेर : झाकण दाब धरत नाही.

काटा वर आणि हीटर मात्र थंड हवा देतोय : आत हवा अडकली आहे किंवा पाणी बरंच कमी झालंय. याकडे दुर्लक्ष करून पुढे एक किलोमीटरही जाऊ नका.

दर आठवड्याला पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. यात झाकणापासून हेड गॅस्केटपर्यंत (हेड आणि इंजिनाच्या मधलं सील) काहीही असू शकतं.

थंडीच्या दिवसांत हायवेवर काटा मध्यावर येतच नाही : बहुधा कुणीतरी थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय. हे लक्षण गरम होण्याच्या उलट वाटतं, पण मागे ती गाडी तापत होती आणि मूळ दोष तसाच ठेवून ती ‘बरी’ केली गेली, याची ही खूण आहे.

रस्त्यातच तापली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण वेगात, काचा खाली, आणि सुरक्षित जागा बघून बाजूला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता बाहेर काढतो. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन बंद करायचं. टोल नाका दोन किलोमीटरवर आहे, तिथे पाणी मिळेल, असा विचार करून पुढे नेलेल्या गाड्यांचीच हेडं वाकलेली मी बघितली आहेत. ॲल्युमिनियमच्या हेडला तेवढं अंतर पुरतं.

टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. आत वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो. तेवढ्या दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि ते पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन अंगावर येतं. वरचा जाड पाईप हाताला थंड लागून मऊ दाबला जाईपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर बादलीनं पाणी मारणंही तितकंच घातक, त्यानं हेडला तडा जातो.

फुकटची तपासणी : सकाळी, गाडी थंड असताना

टाकीतली पातळी दोन खुणांच्या मधे हवी. मग रंग बघा. ऑक्टाव्हियाला जी-१२ जातीचं गुलाबी किंवा त्यानंतरचं जांभळट कूलंट लागतं. हिरवं दिसलं तर कुणीतरी मिळेल ते ओतलंय. तांबूस-तपकिरी गढूळ दिसलं तर दोन जाती एकत्र झाल्यात किंवा आत गंज आहे. जी-१२ आणि जुन्या जातीचं हिरवं-निळं कूलंट एकत्र आलं की दोघांमधली गंजरोधक द्रव्यं एकमेकांना निकामी करतात आणि गाळ धरतो. तो गाळ बसतो तो रेडिएटरच्या सगळ्यात बारीक नळ्यांत.

आणि रंगच नसेल, साधं पाणी असेल, तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार सापडला असं समजा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बहुतेक गॅरेजांत बोअरचं पाणी वापरलं जातं. ते पाणी किती जड आहे, हे घरातल्या गीझरची कॉइल उघडली की कळतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या आतल्या वाटांत धरतो. क्षाराचा पातळसा थरही उष्णता अडवतो. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं, गळती नाही, पंखा फिरतो, तरीही गाडी तापते.

पाईपांच्या जोडांवर, क्लॅम्पच्या कडेला गुलाबी किंवा पांढरी वाळलेली पापडी दिसते का बघा. थेंब खाली पडण्याआधीच गरम इंजिनावर वाळतो, मागे पापडी उरते. ऑक्टाव्हियात हेडला लागलेला प्लॅस्टिकचा फ्लँज (पाईप जोडायचं तोंड) ही नेहमीची जागा आहे. तिथे टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. बॉक्स्टरची कूलंटची टाकी मागच्या डिकीत असते. तिला तडा गेला की डिकीतला गालिचा ओला होतो आणि गोडसर वास येतो, त्यामुळे गालिचा उचलून बघाच.

इंजिन ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचं झाकणही आत्ताच बघून घ्या. झाकणाच्या आत थोडासा पिवळसर फेस थंडीत, छोट्या फेऱ्यांनी येऊ शकतो. पण डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर तपासणी इथेच थांबवा, गाडी सुरू करू नका. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

झाकण

यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि याला कुणी दोष देत नाही. टाकीचं झाकण नुसतं झाकत नाही, ते दाब राखतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथे उघडं पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर उकळण्याची मर्यादा काही अंशांनी वर जाते, पण खरी वाढ दाबामुळे मिळते. झाकणातली स्प्रिंग बसली किंवा रबर कडक झालं की तो दाब धरला जात नाही. मग १०५ अंशांना, जिथे चांगल्या गाडीत काहीच व्हायला नको, तिथे हेडच्या आत बुडबुडे व्हायला लागतात. बुडबुड्याच्या जागी पाणी नसतं, म्हणून तिथला धातू आणखी तापतो, पाणी बाहेर फेकलं जातं, पातळी उतरते आणि मालकाला वाटतं इंजिन गेलं.

ऑक्टाव्हियाचं झाकण काही शे रुपयांत येतं. कंपनीचं किंवा मूळ पुरवठादाराचंच घ्या. रस्त्यावर मिळणारं हुबेहूब दिसणारं झाकण किती दाबाला उघडेल, याचा काही नेम नसतो. जुनी गाडी घेतली की तपासत बसू नका, सरळ नवं बसवा. नव्या झाकणानं दोन आठवडे पातळी स्थिर राहिली तर तुमचं काम तिथेच संपलं.

रेडिएटरचा चेहरा

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या चालतात. त्यांच्यामागे तुम्ही जितका वेळ घालवाल, तितकं पाचट बंपरच्या जाळीतून आत जातं. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि सुकला की पक्का लिंपतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) मी सुताची पिंजही काढली आहे.

समोरून बघून ‘स्वच्छ आहे’ म्हणू नका. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे आहे आणि कचरा दोघांच्या मधल्या फटीत अडकतो. टॉर्च वरून त्या फटीत मारा. पाचटाची नमद्यासारखी गादी दिसली तर नुसतं बाहेरून धुऊन भागणार नाही.

बॉक्स्टरमध्ये ही अडचण दुप्पट आहे. इंजिन मधे, पण रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्रत्येकाच्या पुढे कंडेन्सर. बॉक्स्टर एस आणि टिपट्रॉनिकला (ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला) मधे तिसरा रेडिएटरही असतो. बंपरची तोंडं जमिनीला इतकी टेकून आहेत की रस्त्यावरची पानं, पाचट, पॉलिथिन सरळ आत. घेतल्याबरोबर एकदा बंपर उतरवून कंडेन्सर बाजूला घेऊन मधला कचरा काढणं, हे या गाडीचं पहिलं काम समजा. नंतर दर ऊस हंगाम संपला की एकदा. बंपरच्या तोंडावर आतून बारीक ॲल्युमिनियमची जाळी बसवून घेतली तर पुढचे कष्ट कमी होतात.

धुताना वॉशिंग सेंटरचं जेट लावू देऊ नका. त्या दाबानं फिन्स आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते. साधा बागेचा पाईप, शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेनं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं परत जाईल. आधी मऊ ब्रशनं फिन्सच्या दिशेनं, वरून खाली. ऑक्टाव्हियाचा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) चाकाजवळ कोपऱ्यात लपलेला असतो, त्याच दिवशी तोही धुऊन घ्या.

पंखा, आणि ‘डायरेक्ट’ची तोडफोड

इंजिन सुरू करून एसी लावा. ऑक्टाव्हिया आणि बॉक्स्टर दोन्हींत पंखा कमी वेगावर लगेच फिरायला हवा. झेड-फोरचा पंखा गरजेप्रमाणे वेग बदलतो, तो हळू फिरत असेल तर गोंधळू नका.

ऑक्टाव्हियात रेडिएटरला खालच्या बाजूला तापमानाचा स्विच असतो. साधारण ९५ अंशांच्या आसपास पंख्याचा पहिला वेग आणि १०५ च्या सुमाराला दुसरा. पंखा फक्त जोरात फिरतो, हळू कधीच नाही, अशी तक्रार जुन्या बॉक्स्टरमध्ये हमखास असते. तिथे कमी वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो. पंखा शेवटी जोरात लागतो म्हणून मालक निश्चिंत राहतो, पण तोवर गाडी गरजेपेक्षा बरीच तापलेली असते. तपासायचा क्रम असा : फ्यूज, मग रिले, मग कनेक्टर वितळलाय का, मग स्विच, मग मोटर. मोटर सगळ्यात महाग, म्हणून शेवटी.

आता ‘डायरेक्ट’. डॅशबोर्डखाली कंपनीचं नसलेलं एखादं बटण दिसलं तर तारांचा माग काढा. जुन्या मालकाच्या गॅरेजनं स्विच किंवा रिले बदलायचं सोडून पंख्याला बॅटरीतून सरळ तार दिलेली असते. पंखा सुरू होताना वीस-तीस अँपिअर करंट ओढतो. मधे रिले नाही, फ्यूज नाही, घरातल्या दिव्याला वापरतात तसली बारीक तार. इन्शुलेशन वितळून आग लागण्याइतका हा धोका खरा आहे. शिवाय बटण लावायला विसरलं की इंजिन गेलं. आणि निदानाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट म्हणजे मूळ दोष झाकला जातो. नवी घेतलेली जुनी गाडी दुरुस्त करताना आधी अशी सगळी डायरेक्ट कामं उलटी फिरवून गाडी कंपनीच्या वायरिंगवर आणा. त्यानंतर जी लक्षणं दिसतील ती खरी.

काट्यावर विश्वास ठेवू नका

फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी साधारण ७५ वर असो की १०० च्या पुढे, काटा ९० वरच उभा. म्हणजे तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लूटूथचा साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तो लावा आणि मोबाइलवर खरा आकडा बघा.

ऑक्टाव्हियाला चालत्या गाडीत ९० च्या आसपास, उन्हात सिग्नलला शंभरपर्यंत आणि पंखा लागला की परत खाली, हे चांगलं लक्षण. १०५ ओलांडून चढतच राहिला तर दोष आहे. झेड-फोरचा आकडा बघून मात्र घाबरू नका. त्या इंजिनांचा थर्मोस्टॅट संगणक चालवतो आणि हळू चालवताना इंधन वाचावं म्हणून तो पाणी १०५ च्या आसपास मुद्दाम राहू देतो. जोरात चालवली की स्वतःच खाली आणतो.

आकडा एकदम उड्या मारत असेल, म्हणजे ९२, ४०, ९२ असा, तर पाण्यात दोष नाही, सेन्सरमध्ये आहे. ऑक्टाव्हियाच्या १.८ टर्बोत हा सेन्सर जातोच. स्वस्त आहे, बदलून टाका.

कूलंट नव्यानं भरणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी गाडी तापतेय, किंवा आत बोअरचं पाणी होतं हे कळलं, तर सगळं काढून पुन्हा भरा. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणा, ते स्वस्तच असतं. जुनं पाणी सोडा, डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड झाल्यावर पुन्हा सोडा. स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत हेच करत राहा. मग गाडीला सांगितलेल्या जातीचं कूलंट, निम्मं-निम्मं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कमी चालेल, असं बरेच जण सांगतात. कूलंट इथे पाणी गोठू नये म्हणून घालत नाही. त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमला आणि वॉटर बॉडीच्या सीलला वाचवतात. उलट नुसतंच कूलंट भरणारेही भेटतात. तेही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे.

रेडिएटरवाल्याकडे ‘रॉडिंग’ (नळ्यांत रॉड घालून सफाई) करून घेण्याची जुनी पद्धत तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालायची. या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना रॉड घालायचा नसतो, ॲसिडही नाही.

भरताना हवा अडकते. ऑक्टाव्हियात हीटर गरमवर ठेवून, हळूहळू भरत, इंजिन चालवत हवा काढता येते. झेड-फोरला इंजिनावर चालणारी वॉटर बॉडी नाही, विजेवरचा पंप आहे. तिथे इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात कमी आणि इंजिन सुरू न करता ॲक्सिलरेटर सुमारे दहा सेकंद दाबून धरला की पंप स्वतः दहा-बारा मिनिटं चालून हवा काढतो. त्या वेळी बॅटरीला चार्जर लावून ठेवा. बॉक्स्टरचे पाईप गाडीच्या पोटाखालून पुढपासून मागपर्यंत जातात, तिची हवा व्हॅक्यूमनं कूलंट भरणारं यंत्र असलेल्या गॅरेजमध्येच काढून घ्या.

काढलेलं कूलंट गटारात सोडू नका, बादलीत उघडं ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी आहे, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

थर्मोस्टॅट

ऑक्टाव्हियाचा थर्मोस्टॅट साधारण ८७ अंशांना उघडायला लागतो. काढून पातेल्यात पाण्यात ठेवा, थर्मामीटर लावून तापवा, उघडतो का ते डोळ्यांनी बघा. शंका आली तरी नवाच टाका.

काढून टाकणं हा उपाय नाही. आपल्याकडे गरमीमुळे गरज नाही, असं म्हणून गॅरेजांत तो सर्रास काढतात. इंजिन थंड राहिलं की संगणक जास्त पेट्रोल सोडतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही, टर्बोला तेच ऑइल मिळतं. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं. म्हणजे भर उन्हात गाडी आणखी तापते.

वॉटर बॉडी : इथून पुढे घरची दुरुस्ती नाही

ऑक्टाव्हियाच्या अनेक वॉटर बॉडींमध्ये पाती प्लॅस्टिकची असतात. ती तुटतात किंवा शाफ्टवर सैल होऊन नुसती फिरतात. बाहेर गळती नाही, आवाज नाही, पण पाणी ढकललं जात नाही. हायवेवरच तापणाऱ्या गाडीत, रेडिएटर स्वच्छ असताना, पहिला संशय हाच.

ही वॉटर बॉडी टायमिंग बेल्ट फिरवतो. बेल्टच्या खुणा एका दातानं चुकल्या तरी गाडी नीट चालत नाही, आणि बेल्ट तुटला किंवा बराच सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणून हे काम त्या इंजिनाचे टायमिंग लॉक करणारे टूल्स असलेल्या मेकॅनिकलाच द्या. आणि गाडीसोबत बेल्ट बदलल्याचा कागद आला नसेल तर ती तापत असो वा नसो, बेल्ट, टेन्शनर, पुली आणि धातूच्या पात्यांची वॉटर बॉडी एकदमच बदला. मजुरी एकदाच लागते. जुन्या आरएसवर माझ्या मते पहिला मोठा खर्च हाच व्हायला हवा, अलॉय व्हील्स नंतर.

झेड-फोरचा विजेवरचा पंप आधी फारशी सूचना न देता जातो. एक लाख किलोमीटरच्या आसपास आलेल्या गाडीचा पंप आणि थर्मोस्टॅट जोडीनंच बदलतात. स्कॅनरवर पंपाचा फॉल्ट आला की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा.

इथे हात थांबवा

पुढच्या कुठल्याही लक्षणावर स्वतः काही करू नका. गाडी उभी करा आणि जाणकाराला बोलवा.

ऑइल दुधाळ झालं असेल. थंड गाडी सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे येत असतील. थंडगार सकाळी, सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल. या सगळ्या हेड गॅस्केट उडाल्याच्या किंवा हेडला तडा गेल्याच्या खुणा.

तिथेही लगेच हेड उतरवू देऊ नका. आधी टाकीच्या तोंडावर लावायची रसायनाची चाचणी करायला सांगा. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळं द्रव्य पिवळं पडतं. मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती निसटतो ते. हे तिन्ही करून कागदावर आकडे देणाऱ्याकडेच हेडचं काम द्या. हेड उतरलंच तर मशिन शॉपमध्ये सपाटी मोजून, तडा तपासून मग फेसिंग (घासून सपाट करणं). न मोजता फेसिंग मारलेलं हेड पुढच्या उन्हाळ्यात परत येतं.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकीत ओतू नका. तो गळतीपेक्षा रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याच आधी बुजवतो.

बॉक्स्टरच्या इंजिनाला हात लावायचं काम निघालं तर मी सरळ पुणे-मुंबईतल्या पोर्शच्या जाणकाराकडे फ्लॅटबेडवर पाठवायला सांगतो. २००८ पर्यंतच्या त्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा प्रश्न वेगळा आहेच, तोही त्याच वेळी तपासून घेता येतो.

पहिल्या सुधारणा कोणत्या

गाडी घेतली की लोक लगेच रीमॅप (संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) विचारतात. टर्बोचा दाब वाढवला की उष्णताही वाढते. आजच १०२ वर जाणारी गाडी रीमॅपनंतर मे महिन्यात कुठे जाईल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

माझा क्रम असा. झाकण, कूलंट, सगळे पाईप आणि क्लॅम्प. मूळ दर्जाचे रबरी पाईप पुरतात, रंगीत सिलिकॉन पाईपांची घाई नाही. मग ऑक्टाव्हियाचा तो प्लॅस्टिकचा फ्लँज. मग मोबाइलवर १०५ ला अलार्म वाजेल असं ओबीडीचं ॲप. रेडिएटर आतून बसलेला निघाला तरच नवा. ते बघायला गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर फिरवा. तापमान एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू उतरत जायला हवं, मधेच थंड पट्टे दिसले तर त्या नळ्या बंद आहेत.

त्यानंतर ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून जुन्या गाडीत न विचारता बदला आणि पुढे दर दोन वर्षांनी. टायरच्या खाचा किती खोल आहेत एवढंच बघू नका, बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या, उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टायर खोल दिसतात आणि आतून कडक झालेले असतात. पासिंगचंही याच वेळी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं, एमएच १२ वरून एमएच १३ ला नावावर करताना तारीख तपासा.

हे सगळं झालं की एप्रिलच्या दुपारी, एसी चालू ठेवून, सोलापूर ते तुळजापूर जा. घाट चढताना आणि वर पोहोचल्यावर पार्किंगला इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं आकडा बघा. तो शंभरच्या आसपास येऊन पंखा लागला की परत खाली येत असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी त्याच खुणेवर असेल आणि हे सलग दोन-तीन वेळा जमलं, तर रीमॅपवाल्याला फोन करायला हरकत नाही.